मनोऱ्याची भीती आणि मज्जासंस्थेचे आरोग्य

मकरसंक्रांतीच्या दिवशी जयपूरला गेलेल्या प्रवाशास शहराचे खरे दर्शन घडते ते रस्त्यावरून नव्हे, तर गच्चीवरून. लहानथोर सारे पतंग उडवण्यासाठी गच्च्यांवर लोटलेले असतात आणि गुलाबी शहरावरचे आकाश रंगीबेरंगी कागदांनी भरून जाते. परंतु गेल्या काही वर्षांत या आकाशात आणखी एक वस्तू ठळकपणे दिसू लागली आहे, ती म्हणजे मोबाइल कंपन्यांचे लोखंडी मनोरे. पतंगाचा मांजा त्यात अडकतो, ही तक्रार मुलांची. त्यांच्या आईवडिलांची चिंता मात्र निराळी आहे. या मनोऱ्यांतून अहोरात्र बाहेर पडणाऱ्या अदृश्य लहरी आपल्या मेंदूला व मज्जातंतूंना अपाय तर करत नसतील ना?

ही चिंता केवळ जयपूरची नाही. नागपूर, नाशिक, बेळगाव वा इंदूर येथील आमच्या वाचकांनाही ती कधी ना कधी शिवली असेल. तथापि जयपुरात ती न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचली, म्हणून तेथूनच प्रारंभ करणे इष्ट ठरेल.

शहराच्या सी-स्कीम या मध्यवर्ती वस्तीत, मनोऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या काही कुटुंबांत मेंदूच्या अर्बुदाचे रुग्ण आढळल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या आणि सर्वत्र अस्वस्थता पसरली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आय. एस. इसराणी यांनी जनहित याचिका दाखल केली. तिच्यावर २७ नोव्हेंबर २०१२ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर पीठाने निर्णय दिला. मुख्य न्यायाधीश अरुण मिश्रा यांच्या खंडपीठाने शाळा, रुग्णालये व क्रीडांगणे यांसारख्या ठिकाणचे मनोरे हटवण्याचा आदेश दिला. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. याउलट केरळ उच्च न्यायालयाने २००६ साली एका ग्रामपंचायतीच्या प्रकरणात, मनोऱ्यामुळे आरोग्यास हानी पोहोचते असे दाखवणारा पुरावा समोर नाही, असे मत नोंदवले होते.

दोन न्यायालयांनी दोन निरनिराळ्या दिशा दाखवल्या, म्हणजे एकाचे चुकलेच, असे मानण्याचे कारण नाही. शास्त्रज्ञ विचारतो, ‘अपाय सिद्ध झाला आहे काय?’ न्यायालयाला मात्र याखेरीज आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: ‘शंका असेपर्यंत मुलांच्या व रुग्णांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असूनही दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असू शकते. आपण मात्र दुसऱ्याचे ‘होय’ ऐकतो आणि ते पहिल्यालाच मिळालेले उत्तर आहे असे समजून घाबरून जातो.

एका शब्दाने केलेला घोटाळा

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. या विषयावरील मजकूर मराठीत आणताना पहिली ठेच लागते ती ‘रेडिएशन’ या शब्दाशी. हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधून निघाले तेही रेडिएशन, दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तेही रेडिएशन आणि खिशातल्या मोबाइलमधून निघते तेही रेडिएशनच! मराठीत सुदैवाने यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. अणूचे केंद्रक फुटताना निघतो तो किरणोत्सर्ग, छातीच्या फोटोसाठी वापरतात ते क्ष-किरण आणि मोबाइल किंवा आकाशवाणीच्या लहरींसाठी योग्य शब्द आहे प्रारण. परंतु वर्तमानपत्रे सर्रास ‘मोबाइलचा किरणोत्सर्ग’ असे छापतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिरोशिमा उभी राहते.

या दोहोंत भेद आहे तो ऊर्जेचा. क्ष-किरणांच्या एकेका कणात अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. त्यामुळे पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे धागे तुटू शकतात. मोबाइलच्या लहरींच्या एकेका कणातील ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा दहा लाखांहूनही अधिक पटींनी कमी असते. एका पैलवानाने जो दरवाजा एका धक्क्यात तोडला, तो लाखो मुंग्या एकामागून एक येऊन धडकल्या तरी तुटत नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे. या लहरींचा शरीरावर होणारा निर्विवाद परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न गरम होते ते याच जातीच्या लहरींनी. मात्र भट्टीची शक्ती शेकडो वॅट असते, तर मोबाइलची सरासरी शक्ती वॅटच्या अपूर्णांकात मोजावी लागते. फोन कानाशी धरला असता मेंदूच्या पृष्ठभागाचे तापमान फार तर अंशाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वाढते, असे हिशेब सांगतात. जयपूरच्या वैशाखातल्या उन्हात चार पावले चालणाऱ्याचे शरीर याहून कितीतरी अधिक उष्णता सोसते, आणि वाहणारे रक्त ती उष्णता सतत दूर नेत असते.

मज्जातंतूंचे काम कसे चालते?

येथे चौकस वाचक विचारील, ‘मज्जातंतूंचे कार्य विजेवर चालते ना? मग बाहेरच्या विद्युत्-चुंबकीय लहरींनी त्यात गोंधळ होणार नाही काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. चेतापेशीच्या पडद्याच्या आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्ट इतका विद्युत्-दाबाचा फरक असतो. संदेश जाताना पडद्यातील सूक्ष्म दारे उघडतात, विद्युत्-भारित कण आतबाहेर करतात आणि हा फरक क्षणभर उलटा होतो. या घडामोडीस सेकंदाचा सुमारे एक सहस्रांश भाग लागतो. आता ९०० मेगाहर्ट्‌झच्या मोबाइल लहरीचा विचार करा. तेवढ्याच अवधीत तिची ९ लाख आंदोलने होतात. दार उघडावे म्हणून ती जितका धक्का एका दिशेने देते, तितकाच पुढच्या क्षणी उलट दिशेने देते. ती सूक्ष्म दारे इतक्या वेगाने हलूच शकत नाहीत. घरातील विजेच्या तारेला हात लागला तर मज्जातंतू झटका देतात, कारण त्या विजेची आंदोलने सेकंदाला केवळ ५० असतात. मोबाइलच्या लहरींनी तसा झटका बसत नाही, यामागील कारण हे असे आहे.

याचा अर्थ मेंदूवर काहीच परिणाम दिसला नाही असा मात्र नव्हे. २०११ साली अमेरिकेत डॉ. नोरा व्होल्को यांच्या पथकाने ४७ निरोगी व्यक्तींच्या कानांशी ५० मिनिटे मोबाइल ठेवून मेंदूची तपासणी केली. अँटेनाच्या लगतच्या भागात साखरेचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्याच वर्षी फिनलंडमधील एका पथकाने असाच प्रयोग केला, तेव्हा तो वापर कमी झालेला दिसला! झोपेतील मेंदूच्या विद्युत्-लहरींतही काही प्रयोगांत किंचित फरक आढळले आहेत. हे फरक मेंदूच्या रोजच्या चढउतारांच्या मर्यादेतलेच असून त्यांतून आजार उद्भवल्याचे दिसून आलेले नाही. मेंदूने दखल घेणे आणि मेंदूला इजा होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण हा लेख वाचत असतानाही आपल्या मेंदूतील साखरेचा वापर काही भागांत वाढलेला असेलच.

‘शक्य’ आणि ‘सिद्ध’

भाषांतरकाराला लागणारी दुसरी ठेच अधिक महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीत फ्रान्समधील लियाँ येथे कर्करोग-संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने ३१ मे २०११ रोजी मोबाइलच्या लहरींचा समावेश ‘२-ब’ या गटात केला. बातमी आली ती ‘मोबाइलने कर्करोग होतो’ अशी. वस्तुतः या संस्थेचे पुढील गट आहेत: गट १ म्हणजे कर्ककारक असल्याचे सिद्ध, गट २-अ म्हणजे बहुधा कर्ककारक आणि गट २-ब म्हणजे कर्ककारक असणे शक्य. तंबाखू आणि मद्य पहिल्या गटात आहेत. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क ‘२-ब’ गटात आहे. हे गट धोक्याचा आकार सांगत नाहीत, तर पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतात. ‘शक्य’ म्हणजे ‘शंका घेण्यास जागा आहे, अधिक शोध घ्यावा’.

या शंकेस आधार होता तो प्रामुख्याने १३ देशांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरफोन’ नावाच्या पाहणीचा. तीत सर्वसाधारण वापर करणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. परंतु सर्वांत अधिक बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत ग्लायोमा या मेंदूच्या अर्बुदाचे प्रमाण सुमारे ४० टक्के अधिक दिसले. मात्र ही सारी माहिती लोकांच्या स्मरणावर अवलंबून होती. ज्याला आजार जडला तो कारण शोधत मागचे सारे आठवत बसतो, निरोगी माणूस विसरून जातो. २०१८ साली अमेरिकेतील प्राण्यांवरील प्रयोगात, दिवसाला सुमारे ९ तास अंगभर लहरी सोसणाऱ्या नर उंदरांत हृदयातील मज्जातंतूंच्या आवरणाची अर्बुदे आढळली. मेंदूच्या अर्बुदांविषयीचा पुरावा त्याहून दुबळा होता. विशेष हे की लहरी सोसणारे ते नर उंदीर, लहरींपासून दूर ठेवलेल्या उंदरांपेक्षा अधिक काळ जगले!

पुढे काय झाले? मोबाइलचा प्रसार जगभर अफाट झाला, पण नॉर्वे, स्वीडन यांसारख्या, रुग्णांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवणाऱ्या उत्तर युरोपातील देशांत मेंदूच्या अर्बुदांचे प्रमाण त्याबरोबर वाढलेले दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेवरून झालेले एक विस्तृत परीक्षण सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १९९४ ते २०२२ या काळातील ६३ अभ्यास तपासले गेले. दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ मोबाइल वापरणाऱ्यांतही मेंदूच्या अर्बुदाचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही.

मग सी-स्कीमचे काय? त्या कुटुंबांचे दुःख खरे आहे, त्याविषयी कोणी हलकेपणाने बोलू नये. परंतु पुढील हिशेब पाहा. आपल्या देशात मेंदूच्या व मज्जासंस्थेच्या अर्बुदाचे रुग्ण दरवर्षी लाखात ५ ते १० असे आढळतात. २०११ च्या जनगणनेत जयपूरची लोकसंख्या ३० लाखांच्या घरात होती. म्हणजे एकही मनोरा नसता तरी त्या शहरात दरसाल दीडशे ते तीनशे कुटुंबांवर हा घाव पडलाच असता. अंगणात मूठभर तांदूळ उधळले तर ते समान अंतरावर पडत नाहीत. कोठे चार दाणे एकत्र पडतात, कोठे जागा मोकळी राहते. ज्या गल्लीत असे दोन-तीन दाणे एकत्र पडतील, तेथील माणूस वर पाहील, आणि शहरात वर पाहिले की मनोरा दिसणारच. एका गल्लीवरून कारण ठरवता येत नाही. त्यासाठी सबंध अंगण मोजावे लागते.

दिव्याखाली अंधार

मनोऱ्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मनोऱ्यावरील अँटेना लहरी सोडतात त्या मुख्यतः आडव्या दिशेने, दूर पोहोचाव्यात म्हणून. अगदी पायथ्याशी त्यांचा जोर बहुधा कमीच असतो. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. शिवाय अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. समोरच्या इमारतीत, अँटेनाच्याच उंचीवर आणि तिच्या अगदी निकट जर घराची खिडकी असेल, तर मात्र मापन करून घेण्याची मागणी अवश्य करावी. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० साली दूरसंचार विभागास अहवाल देऊन अशाच निकटच्या वस्तीविषयी इशारा दिला होता. त्यांचे सर्व निष्कर्ष बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य नाहीत, पण सरकारला मर्यादा कडक करण्यास भाग पाडणाऱ्या चर्चेत त्यांचा आवाज होता. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती, ती ०.४५ वॅट झाली.

आता गमतीची गोष्ट अशी की ज्या मनोऱ्याला आपण भितो, तो दूर गेला म्हणजे आपल्या डोक्याला मिळणाऱ्या लहरी कमी होतातच असे नाही. मनोरा जवळ असेल तर हातातील फोन हळू आवाजात ‘बोलतो’. मनोरा दूर असेल तर त्याला ओरडावे लागते, म्हणजे तो आपली शक्ती वाढवतो. आणि तो ओरडतो ते आपल्या कानाशी! मनोरा शंभर मीटरवर असतो, फोन एका बोटावर. डोक्याला मिळणाऱ्या लहरींपैकी मोठा वाटा, बोलत असताना, आपल्या स्वतःच्या फोनचाच असतो.

यावरून काही साधे नियम निघतात. फोनवर दीर्घकाळ बोलायचे असेल तर कानात तारेचे यंत्र घालावे किंवा ध्वनिक्षेपक लावून फोन हातभर दूर ठेवावा. सिग्नल क्षीण असेल तेथे, उदाहरणार्थ लिफ्टमध्ये वा तळघरात, लांबलचक संभाषण टाळावे. लहान मुलांची कवटी पातळ असते, म्हणून त्यांनी कानाशी फोन धरून तासन्‌तास बोलू नये. हृदयात गतिनियामक यंत्र बसवलेल्यांनी फोन त्या यंत्रापासून निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा. नवा फोन घेताना ‘सार’ या अक्षरांनी ओळखले जाणारे शोषणाचे माप पाहावे. आपल्या देशात ते दर किलोग्रॅमला १.६ वॅटपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. बहुतेक फोनमध्ये तारका, चौकट, शून्य, सात, चौकट अशी कळ दाबली असता ते दिसते. आपल्या वस्तीतील मनोरे नियमानुसार आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी दूरसंचार विभागाने २०१७ साली ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. शुल्क भरून तेथे मापनाची मागणीही नोंदवता येते.

डोकेदुखीचे खरे कारण

अखेरीस, वाचकहो, या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेकांना मनोरा उभारल्यापासून डोके दुखते, झोप येत नाही, अंगाला मुंग्या येतात. हा त्रास काल्पनिक नाही, दुखणे खरोखरीच दुखते. परंतु असा त्रास होणाऱ्यांवर पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत लहरी कधी सुरू केल्या आणि कधी बंद, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. लहरी चालू आहेत असे वाटले की त्रास होई, मग त्या प्रत्यक्षात बंद का असेनात. म्हणजे त्रासाचे मूळ लहरींत नसून भीतीत आहे, असाच निष्कर्ष निघतो. आणि भीती हीही मज्जासंस्थेवरच आघात करते.

अशा वेळी धोका असा की सारा दोष मनोऱ्यावर टाकून आपण डॉक्टरांकडे जातच नाही. चष्म्याचा नंबर बदललेला असतो, रक्तदाब वाढलेला असतो, रात्रीची झोप अपुरी असते, आणि आपण सोसायटीच्या सभेत मनोऱ्याविरुद्ध ठराव करत बसतो. पहाटे उठल्याबरोबर होणारी व उलटीसह येणारी डोकेदुखी, आयुष्यात प्रथमच आलेले आकडीचे झटके, एका बाजूच्या हातापायांतील अशक्तपणा, बोलण्यात वा दृष्टीत अचानक झालेला बदल, यांपैकी काहीही दिसले तर विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मनोरा हटला म्हणून हे आजार हटत नाहीत. वेळीच केलेले निदान मात्र प्राण वाचवू शकते.

मोबाइलमुळे मज्जासंस्थेची जी हानी निर्विवादपणे होते, ती लहरींमुळे नव्हे तर आपल्या सवयींमुळे. अंथरुणात पडून मध्यरात्रीपर्यंत पडद्याकडे पाहणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो. पडद्याचा प्रकाश मेंदूला अजून दिवस आहे असे सांगत राहतो आणि झोप आणणारे द्रव्य उशिरा पाझरते. वाहन चालवताना बोलणाऱ्याचे लक्ष दुभंगते, आणि रस्त्यावर एका क्षणाची चूक पुरते. येथे कोणत्याही परीक्षणाची वाट पाहण्याचे कारण नाही. रात्री फोन शयनगृहाबाहेर ठेवणे आणि वाहन चालवताना तो न उचलणे, हे दोन नियम आज रात्रीपासून कोणत्याही घरात पाळता येतील.

जयपूरला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने जंतरमंतर पाहिलेले असते. सवाई जयसिंगांना पितळी यंत्रांची मापे भरवशाची वाटेनात, म्हणून अठराव्या शतकात त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. त्यांतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. आकाशाविषयी आपली समजूत काय आहे, यापेक्षा आकाश मोजल्यावर काय दिसते, याला त्या राजाने अधिक मान दिला. आजच्या आकाशातील अदृश्य लहरींविषयीही आपण तोच मार्ग अनुसरावा. शंका असेल तर माप मागावे, माप मिळाले तर ते मानावे, आणि उरलेली काळजी आपल्या मुलाच्या उशाशी ठेवलेल्या फोनची करावी.